चुड्याचा हौद

कंद बुडवायचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. सावलीत बसून काम. कुदळ नाही, डोक्यावर पाटी नाही. करून पाहिलं की कळतं. केळीचा कंद म्हणजे ओल्या मातीचा जड गोळा. आधी विळ्याने त्याच्या मुळ्या तासायच्या, कुजका भाग कोरून काढायचा, मग तो हौदात सोडायचा आणि पाण्याखाली हाताने फिरवून त्याचा डोळा चाचपायचा. कोंब फुटतो ती जागा म्हणजे डोळा. टणक लागला तर कंद लागवडीला, मऊ लागला तर उकिरड्यावर. दिवसभर वाकून कंबर धरते, आणि संध्याकाळी बोटं इतकी सुरकुततात की भाकरी थापताना पिठावर त्यांचा ठसा उठत नाही.

कुंदाबाईने हे काम लग्न झाल्यापासून केलं. गाव रावेर तालुक्यातलं, चहूबाजूंनी केळी. हौद योगराजच्या मळ्यातला, त्याच्या वडिलांनी, झिपरू आबांनी, निंबाखाली बांधलेला. हौदावर कुंदाबाईचा शब्द चालायचा. टोळीत कोण घ्यायची, तासायला कोण बसेल, बुडवायला कोण, हे ती ठरवायची. कंद नुसता ओला करून बाहेर टाकणारी दिसली की म्हणायची, "कंदाले आंघोळ घालू राह्यली का देवावर पाणी शिंपडू राह्यली?" बाई मुकाट तो कंद परत पाण्यात घालायची.

त्या हौदाला गावात चुड्याचा हौद म्हणत. त्याला कारण होतं. गावात नवी सून आली की तिच्या पहिल्या लागवडीला तिला हौदावर आणायचं. बायका तिला हळदीकुंकू लावायच्या, डोक्यावर पदर सारखा करायच्या, आणि ती हौदाच्या काठावर बसून दोन्ही हात पाण्यात घालायची. हातातला हिरवा चुडा पुरता पाण्याखाली गेला पाहिजे. मग तिने चाचपडत तळातला एक कंद वर काढायचा. त्या वर्षीचा पहिला खड्डा त्या कंदाचा. याला चुडा भिजवणं म्हणत. ज्या हातांना अजून लेकरू घ्यायचं आहे, त्या हातांनी बाग लावली की बागेला घड चांगला येतो, आणि बाग ते फेडते. बागेला घड, तिला लेकरू. असं मानत.

कुंदाबाईचा चुडा तिच्या सासूने भिजवला होता. तेव्हा हौदात शेण, नदीचा गाळ आणि गूळ असायचा. हात बाहेर काढले की कोपरापर्यंत हिरवा-काळा लेप, आणि बायका हसून म्हणायच्या, आता धुऊ नको, वाळू दे. दुसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला, नवल.

मग झिपरू आबा गेले आणि मळा योगराजकडे आला. कंदाला सोंडकीड लागत होती, झाडं उभ्या उभ्या कोलमडत होती. योगराजने शेण बंद केलं. दुकानातून औषध आणलं. झाकण उघडून हौदात ओतलं की पाणी दुधासारखं व्हायचं आणि सडक्या लसणासारखा वास निंबाखालून रस्त्यापर्यंत जायचा. बागा सुधारल्या. खोटं का बोला, सुधारल्या. हौद तोच राहिला, निंब तोच, हळदीकुंकू तेच. आतलं पाणी तेवढं बदललं. चुडा भिजवायचा की नाही, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

योगराज वाईट माणूस नव्हता. एका वर्षी त्याने सगळ्यांना हातमोजे आणून दिले. केशरी, कोपरापर्यंतचे. पण मोज्यातून डोळा कळत नाही. टणक काय, मऊ काय, सगळं सारखंच लागतं. वरून घामाने हात आतच शिजतात. दोन दिवसांनी मोजे निघाले. एकीने लाथ मारणारी म्हैस पिळायला नेले. एकीने बोटांत भुसा भरून पाखरांना भिववायला शेतात काठीवर टांगले. वाऱ्यावर ते हात हलत राहायचे, जणू कुणी येऊ नका म्हणतंय. बायका येताजाता त्यांना रामराम घालून हसायच्या.

औषधाचा एक नियम मात्र कुंदाबाई कडक पाळायची. कंद पाण्यात फार वेळ ठेवायचा नाही. जास्त भिजला की डोळा जळतो. डोळा जळालेला कंद वरून टणटणीत दिसतो, खड्ड्यात नीट बसतो, पाणी पितो, पण उगवत नाही. म्हणून ती सारखी ओरडायची, "काढा वं, काढा! डोळे जाळतीन का?" आणि बायका घाईने कंद वर काढायच्या. कंद बाहेर यायचा. दुसरा आत जायचा. हात तिथेच राहायचे.

नवलनंतर कुंदाबाईला मूल झालं नाही. चाळिशीच्या बऱ्याच आधी तिची पाळी गेली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. चिंध्या वाळवायची कटकट गेली, हौदावर सुटी घ्यायची वेळ येईना. टोळीतल्या बायका म्हणायच्या, "अक्का, तुमी सुटल्या बाप्पा. आमचं कधी व्हईन?" त्यांचंही मागेपुढे होतच होतं. कुणाची दोन दोन महिने यायची नाही, कुणाची आली की थांबायची नाही. कामकरी बाईचं असंच असतं, असं सगळ्यांनी धरलं होतं.

नवलचं लग्न झालं. सून मोहिनी नशिराबादची. उंच, कामाला चटपटीत, बोलायला कमी. कुंदाबाईने तिचा चुडा स्वतः भिजवला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला हौदावर आपल्या शेजारी बसवलं. मुकादमीण सुनेला तासणीच्या ढिगावर बसवत नाही, मानाच्या जागी बसवते. मोहिनीच्या बोटांना डोळा पटकन कळायचा. कुंदाबाईला तिचं कौतुक होतं.

पाच वर्षं गेली. नवस झाले, झाडपाला झाला, सातपुड्यातल्या एका बाबाचा दोरा झाला. नवलची तपासणी झाली, त्याच्यात खोट निघाली नाही. शेवटी कुंदाबाई मोहिनीला घेऊन जळगावला एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली. दुसऱ्या खेपेला बाईंनी दोघींना समोर बसवलं.

"मोहिनी, तुमचं वय अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "पण अंडाशयात जो साठा असायला हवा, तो चाळिशी ओलांडलेल्या बाईएवढाच दिसतोय. तुमच्या आईची पाळी लवकर गेली होती का?"

"नही. आईची आताआता गेली."

"काम काय करता?"

उत्तर कुंदाबाईने दिलं, जरा मान ताठ करून. "कंद बुडवते. माझ्याजोडी. हात चांगला हाये... चांगला आहे तिचा."

"बुडवते म्हणजे? कशात?"

कुंदाबाईने सांगितलं. दुधासारखं पाणी, लसणाचा वास, कोपरापर्यंत हात. बाईंनी लिहिणं थांबवलं. सांगताना कुंदाबाईचा आवाज आपोआप बारीक होत गेला.

"हे बघा आजी," बाई म्हणाल्या, "त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. एका बाईकडे बघून ते कुणालाच सांगता येत नाही. दुसरी कारणंही असतात. पण शेतातली काही औषधं कातडीतून अंगात जातात, अंडाशयाला बाधतात, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. कधी पाळी बिघडते, कधी गर्भ टिकत नाही, कधी पाळी लवकर जाते. मुलगी जन्माला येते तेव्हाच आपली सगळी अंडी बरोबर घेऊन येते. पुढे नवी होत नाहीत. कमीच होत जातात. काही गोष्टींनी लवकर कमी होतात."

"एकदा हात घातला तर?" कुंदाबाईने विचारलं.

"एकदा आणि वर्षानुवर्षं यात फरक आहे. पण एकदा तरी कशाला घालायचा?"

मोहिनीने विचारलं, "आशा आहे का?"

"आहे. वेळ घालवू नका. आणि ते काम आजपासून बंद."

बस भुसावळच्या रस्त्याला लागली. नशिराबाद आलं. मोहिनीचं माहेर रस्त्यापासून चार घरं आत. तिने तिकडे बघितलं नाही. समोरच्या बाकाच्या दांडीकडे बघत म्हणाली, "आत्या, माझं कोणाले सांगू नका. आईलेही नही. गावात तर नहीच नही."

"नही सांगत."

"शपथ घ्या."

कुंदाबाईने तिच्या हातावर हात ठेवला. तोच हात. ठेवल्यावर तिच्या ते लक्षात आलं, आणि तिने तो काढून पदराखाली घेतला.

तेव्हापासून ती गावात नीट फिरली नाही. म्हणजे फिरली, पण बरोबर कुणीतरी चालल्यासारखं. पाणवठ्यावर कुणी बाई भेटली की कुंदाबाईची नजर तिच्या तोंडावर न जाता मनगटावर जायची. हिचा चुडा मी भिजवला. हिचाही. हिचा पहिला गर्भ पडला, दुसरा पडला, तिसऱ्याला दिवस भरले. हिला दोन पोरं आहेत. हो, कित्येकींना पोरं झाली होती. म्हणून तर कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांनाच बाधलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

सगळ्यांत जास्त मागे लागायची ती रेशमा. रेशमा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची, टोळीत राबायला चांगली. तीनदा पोट राहिलं, तीनदा गेलं. नवऱ्याने तिला माहेरी पाठवली आणि दुसरी केली. दुसरीचाही चुडा कुंदाबाईनेच भिजवला, जरा जास्तच थाटाने, म्हणजे हिला तरी होईल. दुसरीलाही झालं नाही. लोकांनी घराला दोष दिला, उंबऱ्याखाली खणून पाहिलं. हौदाकडे कुणी बघितलं नाही. रेशमा जाताना सगळ्यांच्या पाया पडली होती. कुंदाबाईच्या पाया पडताना म्हणाली होती, "अक्का, माझाच हात खराब निघाला." आता भर दुपारी केळीची पानं एकमेकांवर घासली की कुंदाबाईला मागून कुणी पाया पडायला वाकतंय असं वाटायचं. ती वळून बघायची. पानंच असायची. वाळलेली, खाली लोंबणारी.

वास तर जाईचना. मोहिनीच्या, आपल्या, दोघींच्या हातांना तिने चिंच लावली, राख लावली, साबण लावला. चहाच्या कपात वास, उशीत वास. नवल म्हणाला, "माय, मले काहीच येत नही." येत नव्हताच. हौदावर जाऊन तिला महिना झाला होता.

पण हौद तिची वाट बघत होता. पाऊस सरला, कांदेबाग म्हणतात ती केळीची पावसानंतरची लागवड आली, योगराजचा निरोप आला. न जाऊन चालणार नव्हतं. टोळी तिच्या जिवावर होती, आणि ती नाही गेली तरी हौद भरणारच होता.

तिने एक तोड काढली. कांद्याची जाळीची गोणी घ्यायची, तिच्यात तासलेले कंद भरायचे, गोणीचं तोंड बांबूला बांधायचं. दोघींनी दोन टोकं धरून गोणी हौदात सोडायची, हलवायची, वर काढायची, निथळू द्यायची. डोळा आधीच कोरड्या हाताने बघून घ्यायचा. तिने आणि मोहिनीने घरामागे पाण्याच्या पिंपावर हे करून पाहिलं. ओली गोणी उचलताना खांदा निखळायची वेळ येते. गोणी फार भरली तर मधले कंद कोरडेच राहतात. अर्धी भरली तर काम होतं, पण खेपा दुप्पट. मोहिनी म्हणाली, "बायका ऐकतीन का?" कुंदाबाई म्हणाली, "माझं ऐकतीन."

बायकांनी तोंड वाकडं करून ऐकलं. काम उक्तं होतं, रोजावर नव्हतं, गोणीने वेळ जायचा. "अक्काले म्हातारपणी पाळणे झुलवाची हौस आली," एक म्हणाली. हसणं झालं. पण गोण्या लागल्या.

अडचण गोणीची नव्हती. अडचण भाविकाची होती.

भाविका कुंदाबाईच्या पुतण्याची, कुंदनची, नवी बायको. धुळ्याकडची, सोनगीरची. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. गोरीपान, हसरी, बोली पक्की अहिराणी. ती तोंड उघडायची आणि टोळी तिची नक्कल करायची. "काय शे वं भाविका, आज काय रांधेल शे?" ती रागवायची नाही. उलट म्हणायची, "तुमले येत नही तर शिकी ल्या, फी लेत नही." तिची सासू द्वारकाबाई, म्हणजे कुंदाबाईची धाकटी जाऊ. तिने दसऱ्यालाच सांगून ठेवलं होतं, की सोमवारी माझ्या सुनेचा चुडा भिजवायचा, अक्काच भिजवतील, घरचाच मान.

कुंदाबाईने रविवारी दिवसभर शेण जमवलं. नदीवर जाऊन गाळ आणला, डोक्यावर, दोन खेपा, चढणीने छाती भरून आली. गूळ भिजवला. सासूने जसं केलं होतं तसं सगळं एका मोठ्या घमेल्यात कालवलं आणि सोमवारी निंबाखाली नेऊन ठेवलं. चुडाही भिजेल, पोरगीही वाचेल, कारणही सांगावं लागणार नाही. असा तिचा हिशेब.

द्वारकाबाईने घमेलं पाहिलं. "हे काय वं अक्का?"

"चुडा याच्यात भिजवायचा. जुनी रीत. आपला याच्यातच भिजला व्हता."

"आपला भिजला तेव्हा हौदात व्हतं ते. हौद इथं भरलेला, आन् माझ्या सुनेनं घमेल्यात हात घालाचे? सारवण कराले आणली का तिले?"

बायका हसल्या. भाविकाही हसली, मग सासूचं तोंड बघून थांबली.

"द्वारके, माझं ऐक. हौदात औषध आहे."

"आजच पडलं का औषध? साऱ्या गावाच्या सुनांचे हात घातले तुमी त्याच्यात. तेव्हा नही दिसलं?"

कुंदाबाईजवळ उत्तर होतं, पण ते मोहिनीचं होतं, आणि शपथ घातलेली होती. मोहिनी पलीकडे तासणीच्या ढिगाजवळ खाली मान घालून विळा चालवत होती. मुळ्या तासायचा आवाज तेवढा येत होता.

द्वारकाबाई दोन पावलं पुढे आली. आवाज खाली आणून बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "मले समजत नही का? तुमच्या घरी पाळणा हालत नही. म्हनून आमचा चुडा कोरडा ठेवता का अक्का?"

कुंदाबाईला वाटलं, आपण पुढे होऊन हौदासमोर उभं राहायचं. पाय उचलेनात. सगळी टोळी तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात तिला गावातल्या सगळ्या सुना दिसत होत्या, आलेल्या, गेलेल्या, पदर सारखा करून काठावर बसलेल्या.

भाविका घाबरली होती. तिला कोरडं राहायचं नव्हतं. कुठल्या नव्या सुनेला राहायचं असतं? तिने कुणाचीच वाट बघितली नाही. साडीचा पदर खोचला, हौदाकडे गेली, गुडघे टेकून काठावर बसली, आणि दोन्ही हात पुढे केले. चुडा पाण्याला टेकायला आला.

विळा दगडावर पडल्याचा आवाज झाला. मोहिनी कधी उठली ते कुणाला दिसलं नाही. तिने मागून भाविकाची दोन्ही मनगटं धरली आणि ओढली. भाविका मागे पडली. मोहिनीच्या मुठीत बांगड्या कचाकचा फुटल्या.

द्वारकाबाई किंचाळली. "वांझोटीनं चुडा फोडला वं माय! माझ्या सुनेचा चुडा फोडला!"

"फोडला," मोहिनी म्हणाली. तिने मनगटं अजून सोडली नव्हती. "माझा नही फुटला. माझा याच हौदात भिजला. तुमीच कुंकू लावलं मले, काकू. मग कुठं आहे माझं लेकरू? जळगावची डॉक्टरीण म्हणते, माझं पोट म्हातारीचं झालं. अठ्ठावीस वर्षांची म्हातारी. कंदाचे डोळे जळतीन म्हनून सगळ्या ओरडता तुमी. आपले हात कोणी काढले वं बाहेर?"

गोणीचा बांबू धरलेल्या एकीने बांबू खाली ठेवला आणि आपले हात उलटेसुलटे करून बघितले. त्यांच्यावर काही दिसत नव्हतं. दिसणारच नव्हतं.

गलका ऐकून योगराज आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "औषध कंदासाठी आहे," तो म्हणाला. "बायकांनी हात घालायला मी कुठं सांगितलं? मोजे दिले होते ना?" ते खरंच होतं. मग जरा थांबून म्हणाला, "गोणी तर गोणी. पण लागवड आठवड्यात उरकली पाहिजे."

द्वारकाबाई भाविकाला दंडाला धरून घेऊन गेली. भाविकाच्या मनगटावर काचेने ओरखडे आले होते. जाताना ती मागे वळून मोहिनीकडे बघत होती. रागाने की भीतीने, ते कुंदाबाईला लांबून कळलं नाही.

टोळी फुटली. अर्ध्या बायका द्वारकाबाईमागे शेजारच्या मळ्यात गेल्या. तिथे हौद नव्हता, प्लास्टिकची टाकी होती, आणि तिथे हातानेच बुडवत. काम झपाझप व्हायचं. अर्ध्या कुंदाबाईजवळ राहिल्या, गोण्या उचलत, खांद्याला तेल चोळत, कुरकुरत. गावात मोहिनीचं नाव झालं. कुणाचं बारसं असलं की तिला बोलावणं येईना. कुंदाबाई फक्त एक गोष्ट मनात धरून होती. भाविकाचे हात कोरडे राहिले. एवढ्यांचे भिजले, हिचे राहिले. तिला कुंदन आणि भाविका लांबून दिसायचे, आणि तेवढ्यापुरतं तिच्या मागचं कुणी जरा लांब जायचं.

थंडी पडली. एका दुपारी मोहिनी अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजत होती. कुंदाबाई लसूण सोलत होती. भाविका मागच्या दाराने आली. कुणी पाहिलं नाही ना, असं बघून मोहिनीजवळ जाळापाशी बसली. बराच वेळ काड्या मोडत राहिली.

"मोहिनीताई, त्या डॉक्टरना पत्ता शे का?"

मोहिनीने वर बघितलं. "कोणासाठी?"

"मन्हासाठी."

"तुझ्यासाठी? तुझा हात तर लागलाच नही पाण्याले."

भाविकाने हातातली काडी जाळात टाकली. "हौदले नही लागना. पण मन्ही पाळी लगीनना आगोदरपाईनच येळवर येत नही. आते तर चार महिना व्हयी ग्यात. मन्ही सासूले वाटनं दिवस ग्यात. तसं काही नही." मग हळू म्हणाली, "बापनी कंबर गयी व्हती. मी शाळामा व्हतू तवयपाईन कपाशीवर फवारा मारू. पंप मन्हाच पाठवर राहे. गळका व्हता. बठ्ठी पाठ वली व्हई जाये. गयरा बरं वाटे, उन्हाळाना दिवसमा. गार गार."

वांगं जाळात फुटलं, पाणी चर्र करून निखाऱ्यावर सांडलं. मोहिनीने ते उलटवलं नाही.

कुंदाबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. तिला सोनगीर माहीत होतं ते नुसतं नावाने. रस्त्यावरचं गाव, वर किल्ला. तिथे ती कधी गेली नव्हती, तिथल्या कुणाचे हात तिने कधी धरले नव्हते. तिथेही एक पोरगी ओल्या पाठीने कपाशीच्या ओळीतून चालत होती, आणि तिला बरं वाटत होतं. कुंदाबाईने मनात एकच हौद धरून ठेवला होता. ते एवढंच नव्हतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ," मोहिनी म्हणाली. "आधारकार्ड घेजो. सासूले काय सांगशील?"

"सांगसू, मोहिनीताईनी बांगड्या फोड्यात, तीच भरी देवाले लयी जायी राहिनी."

मोहिनी हसली. कित्येक दिवसांनी हसली. भाविकाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, ते तिने धुराच्या नावावर पुसले.

"मीही येते," कुंदाबाई म्हणाली.

"तुमी कशाले आत्या? एवढा प्रवास."

"त्या बाईले विचारायचं आहे."

"काय?"

आणखी कुठे कुठे हात लावायचा नाही, हे विचारायचं होतं. ती उठून घरात गेली. उजेडातून आल्यामुळे आत आधी काही दिसेना, मग एकेक दिसू लागलं. खुंटीला नवलचा फवारणीचा सदरा, जो मोहिनी बाकीच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत धुवायची. पाणी भरून शेतात न्यायचा कॅन, त्याच्यावर अजून औषधाचं अर्धं लेबल. मोरीत पिवळा मग, तसलीच बाटली कापून केलेला. कोपऱ्यात ज्वारीचं निळं पिंप. योगराजने दिलेलं, औषधाचं रिकामं, चांगलं जाड. आणलं तेव्हा तिने ते स्वतः राखेने घासलं होतं, वास जाईपर्यंत. वास गेला म्हणजे गेलं, असं धरून.

तिने गोधडी जमिनीवर पसरली. पिंप भरलेलं होतं, एकटीला कलंडणार नव्हतं. तिने पायली घेतली, वाकली, आणि ज्वारी उपसायला लागली.